मृतांच्या वाट्याचा घास

इस्रायलमधल्या हिलाझोन तख्तित गुहेत सुमारे १२,००० वर्षांपूर्वी एका वृद्ध स्त्रीला पुरलं. तिच्याभोवती कासवांची ५० कवचं निघाली. गुहेतल्या हाडांचा हिशेब लावला, तेव्हा किमान ७१ कासवं आणि तीन रानबैल तिथं खाल्ले गेल्याचं दिसलं. शेती सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. एवढी शिकार जमवायला किती जण राबले असतील! अंत्यविधीच्या जेवणाच्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी हा एक.

तिथं जेवले ते जिवंत. मृतांना जेवू घालण्याची जबाबदारी लेखी सापडते ती मेसोपोटेमियात. तिथला शब्द ‘किस्पू’: वारसाने पूर्वजांची नावं घेऊन त्यांना ठरावीक वेळी अन्नपाणी द्यायचं. ज्याला देणारं मागे कोणी नाही, त्याचा आत्मा भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो, असं तिथल्या काव्यात येतं. आगीच्या नरकापेक्षा ही खरवड मला जास्त जिवाला लागते.

इजिप्तमध्ये या भीतीवर तोडगा निघाला. वंश खुंटेल, नैवेद्य थांबेल, हे धरूनच थडग्यात मजकूर कोरत: भाकरी हजार, बिअर हजार, बैल, पक्षी. आल्यागेल्याने तो नुसता वाचला तरी मृताला अन्न पोचतं, ही श्रद्धा. वाटसरूला कळकळीची विनंतीही असे, की यात तुझं काही खर्च होत नाही, तोंडातला श्वास तेवढा दे.

चीनमध्ये चांगशाजवळ मावांगदुई इथं १९७२ मध्ये शिन झुई या हान राजवटीच्या काळातल्या सरदारपत्नीची कबर उघडली. सोबत मांस, धान्य, फळं, शिवाय सामानाची यादी लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या. आणि तिच्या जठरा-आतड्यांत खरबुजाच्या १३८ बिया. मरणाच्या थोडंच आधी खाल्लेलं ते फळ दोन हजारांहून अधिक वर्षं तिच्या पोटात राहिलं. पुढच्या प्रवासाची शिदोरी बाहेर, शेवटचा घास आत.

रोमन जगात काही कबरींना नळी बसवलेली असे. वरून ओतलेली वाइन थेट अस्थींपर्यंत जाई. ख्रिस्ती झाल्यावरही लोकांच्या हातून ही सवय सुटेना. ३८५ च्या सुमारास मोनिका नावाची विधवा मिलानमध्ये हुतात्म्यांच्या कबरींकडे लापशी, पाव आणि वाइन घेऊन निघाली. आफ्रिकेत, आपल्या मुलखात, ती असंच करत आली होती. दारावर तिला अडवलं. बिशप अँब्रोज यांची मनाई होती. तिचा मुलगा ऑगस्टिन, पुढे ख्रिस्ती संत मानला गेलेला, लिहितो, की तिने मुकाट ऐकलं आणि द्यायचं ते गरजूंना देऊ लागली. मृतांच्या नावाचा घास असा भुकेल्या जिवंत माणसाकडे वळला, आणि या साऱ्या इतिहासातलं हे वळण मला फार मोलाचं वाटतं. ३८७ मध्ये ऑस्तिया इथं मरणाच्या दारात असताना ती मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा, देवाच्या वेदीपाशी माझी आठवण तेवढी काढा. त्या वेदीवर पाव आणि वाइनच ठेवलेली असे.