एका वेळी एकच बोलणार: मीटिंगमागचं विज्ञान

दहा जणांची तासाभराची मीटिंग म्हणजे ६०० मनुष्य-मिनिटांचा खर्च. बोलायचा वेळ अगदी सारखा वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. उरलेली ५४ ऐकण्यात जातात. मीटिंग ही एकेरी पुलासारखी असते: दोन्ही बाजूंना गाड्या कितीही तुंबल्या, तरी एका वेळी एकच जाणार. मीटिंगमध्ये जे बिघडतं त्यातलं बरंचसं या एका मर्यादेतून येतं. त्यामुळे जे लिहून होण्यासारखं आहे ते लिहूनच उरकावं आणि बोलायचा वेळ खऱ्या चर्चेसाठी राखून ठेवावा.

मीटिंग हवीच का, हे आधी ठरवावं लागतं. प्रत्येकाने आपापल्या कामाची प्रगती सांगायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, एवढाच बेत असेल तर मेल पुरे. वाचणारा नको ते गाळतो, अडलं तर मागे जातो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. माणसं एकत्र बसवावी लागतात ती वेगवेगळ्या लोकांकडे विखुरलेली माहिती जुळवायला, मतभेद सोडवायला किंवा सगळ्यांना पाळावा लागणारा निर्णय घ्यायला.

बोलवायचं किती जणांना? निर्णयाच्या मीटिंगला पाच ते सात जण पुष्कळ झाले. पाच माणसांत दोघादोघांच्या १० जोड्या होतात, बारा जणांत ६६. शिवाय गर्दीत अंग चोरणं सोपं असतं. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला, तेव्हा गट मोठा होत गेला तसतसा माणशी जोर कमी पडत गेला. त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. पुढे १९७९ मध्ये बिब लॅटाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत तेच पाहिलं. ताळमेळ चुकण्याचा परिणाम वेगळा काढला, तरी माणसं गटात जोर कमीच लावत होती. ज्यांना नुसता निर्णय कळायला हवा, त्यांना इतिवृत्त पाठवावं. त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

आता ब्रेनस्टॉर्मिंग. ॲलेक्स ऑसबॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने ही पद्धत लोकप्रिय केली: सगळ्यांनी एकत्र बसायचं, सुचेल ते बोलायचं, टीका करायची नाही. येल विद्यापीठात १९५८ साली ती तपासली गेली. एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पना एका बाजूला आणि वेगवेगळं बसून लिहिणाऱ्या चौघांच्या एकत्र केलेल्या कल्पना दुसऱ्या बाजूला. वेगळे बसलेले जिंकले. पुढच्या अनेक प्रयोगांत हेच दिसलं, तरी ऑफिसांत ही पद्धत आजही धडाक्यात चालू आहे.

कारण काय असावं? काही जण आळस करत असतील, किंवा हसं होईल म्हणून गप्प बसत असतील. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये ही कारणं एकेक करून तपासली. एका प्रयोगात माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली आणि दुसरा कुणी बोलत असेपर्यंत थांबा, असं दिव्याने सुचवलं. समोर कुणी नाही, हसणारं कुणी नाही, तरीही नुसतं थांबावं लागल्याने कल्पना घटल्या. पाळीची वाट पाहताना डोक्यातली कल्पना धरून ठेवावी लागते, आणि ती धरून ठेवली की नवी सुचायला जागा उरत नाही. सोडून दिली तर ती विसरते.

यावरचा उतारा अमेरिकेत आंद्रे डेल्बेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडला. आधी प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहायचा. मग पाच ते दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं. त्यानंतर पाळीने प्रत्येकाकडून एकेकच कल्पना घेऊन फळ्यावर टाकायची आणि कागद रिकामे होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. या टप्प्यावर वाद नको. यादी पूर्ण झाली की एकेक मुद्दा स्पष्ट करून घ्यायचा. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या पसंतीचे पाच मुद्दे निवडून, न दाखवता त्यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. हे सगळं सहसा फसतं ते दुसऱ्याच पायरीवर. दोन मिनिटांत शांतता अवघड वाटू लागते आणि मीटिंग चालवणाराच बोलायला लागतो. घड्याळ लावून ठेवावं आणि ते वाजेपर्यंत तोंडावर बोट.

दुसरी गोची जास्त छुपी आहे. समजा, चौघांना क आणि ख या दोन पुरवठादारांतून एक निवडायचा आहे. ख च्या दोन जमेच्या बाजू चौघांनाही माहीत आहेत. क च्या चार आहेत, पण प्रत्येकाला त्यातली वेगवेगळी एकच ठाऊक आहे. प्रत्येकाच्या हिशोबात ख दोन, क एक. चौघेही ख च्या बाजूने हात वर करतात, पाच मिनिटांत एकमत होतं आणि सगळी माहिती एकत्र केली तर सरस ठरणारा क बाद होतो. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये अशीच मांडणी करून गटांना विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष निवडायला सांगितलं. गटांनी सर्वांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच जास्त चर्चा केली आणि बहुतेकदा सरस उमेदवार हातचा घालवला. एखादा मुद्दा चौघांना माहीत असेल तर तो निघण्याची शक्यता बरीच जास्त असते. शिवाय तो काढला की बाकीचे माना डोलवतात. एकट्याकडे असलेल्या माहितीला असं पाठबळ मिळत नाही.

म्हणून ‘तुमचं मत काय?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये. आधी ‘तुमच्याकडे अशी कोणती माहिती आहे जी इतरांकडे नसेल?’ असं विचारावं आणि उत्तरं तक्त्यात उभी-आडवी मांडावीत. मत त्यानंतर. आणि सगळ्यात वरिष्ठाने सगळ्यात शेवटी बोलावं. साहेबांनी पहिल्या मिनिटात कल दाखवला की उरलेली मीटिंग त्यांचीच री ओढण्यात जाते. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये दाखवलं की रेषांची लांबी जोखण्यासारख्या सरळ बाबतीतही माणसं बहुमतापुढे अनेकदा वाकतात. एक तरी जण वेगळं बोलला तर मात्र ते वाकणं झपाट्याने कमी होतं.

खोलीचंही बघा. पाच बाय चार मीटरची, तीन मीटर उंचीची बंद खोली म्हणजे ६० घनमीटर हवा. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ जण अर्धा तास बसले तर ७२ लिटर, म्हणजे बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएममध्ये (हवेच्या दर दहा लाख भागांत ४२० भाग) आणखी १,२०० पीपीएमची भर. याचा विचारशक्तीवर किती परिणाम होतो याबाबत प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत, पण कोंदट खोलीत जांभया येतात हे सांगायला प्रयोग नको. नुसता एसी पुरत नाही. बरेच एसी आतलीच हवा फिरवतात. दार किंवा खिडकी उघडी ठेवावी.

छोट्या विषयांसाठी उभ्याने मीटिंग घेता येते. ॲलन ब्लूडॉर्न आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधल्या अभ्यासात बसून झालेल्या मीटिंगा उभ्याने झालेल्यांपेक्षा ३४ टक्के लांबल्या, निर्णय मात्र अधिक चांगले झाले नाहीत.

व्हिडिओ कॉलवर तो एकेरी पूल आणखी अरुंद होतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास अंतर असतं. दहा भाषांच्या २००९ मधल्या अभ्यासात थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसलं. नेटवर्कमुळे आवाज तेवढाच उशिरा पोहोचला की दोघं एकदम बोलू लागतात, दोघं एकदम थांबतात आणि ‘नाही नाही, तुम्ही बोला’ सुरू होतं. यावर नाव घेऊन बोलायला सांगणं आणि प्रश्न चॅटमध्ये टाकायला लावणं एवढंच चालतं.

अजेंड्यावर ‘प्रशिक्षण’ असं एका शब्दात लिहिलं की चर्चेचं गुऱ्हाळ ठरलेलं. ‘नव्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण सगळ्यांना एकदम द्यायचं की दोन तुकड्यांत?’ असं लिहिलं की उत्तर मिळालं की नाही हे कळतं. प्रत्येक प्रश्नापुढे मिनिटं आणि अंतिम निर्णय कोण घेणार त्याचं नाव हवं. अवघड विषय आधी घ्यावा. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये थट्टेने लिहिलं होतं की समिती अणुभट्टीचा खर्च मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. थट्टा बाजूला ठेवली, तरी सोपा विषय आधी आला की तो पसरतो, हे खरं.

शेवटची पाच मिनिटं निर्णय मोठ्याने वाचायला ठेवावीत. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि तारीख. ‘टीमने बघावं’ असं लिहिलेलं काम भिजत पडतं, आणि दोन नावं असली तर दोघांनाही वाटतं की दुसरा करतोय. इतिवृत्त त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाठवावं. त्यात ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य आलं तर ते खोडून तिथे काय ठरलं ते लिहावं. काहीच ठरलं नसेल तर तसं लिहावं आणि पुढच्या तारखेआधी कोण कोणती माहिती आणणार, ते त्याच्या नावासकट नोंदवावं.