लोकसंघटन, ग्रामीण विदर्भातील

लोकसंघटन, ग्रामीण विदर्भातील : विदर्भाच्या खेड्यापाड्यांतील लोकांनी आपले हक्क समजून घ्यावेत, एकत्र बसून गावाचे निर्णय करावेत आणि शासनाचे धोरण बदलायला लावावे, यासाठी स्वयंसेवी संस्था व संघटना करीत असलेले काम. निवडणूक लढविणारे पक्ष, केवळ पतपुरवठ्यापुरते असलेले बचत गट आणि निव्वळ सेवा देणारे धर्मादाय दवाखाने वा वसतिगृहे यांचा विचार येथे केलेला नाही. प्रत्यक्षात मात्र या सीमारेषा पुसट आहेत. एकच कार्यकर्ता सकाळी बालवाडी पाहतो आणि दुपारी तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन जातो, हे या भागात नवे नाही.

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत या कामाचे स्वरूप एकसारखे नाही, आणि त्याचे कारण बरेचसे जुन्या महसूल व्यवस्थेत आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा पूर्वेकडील मुलूख मध्य प्रांतात होता. तेथे मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, होती. पश्चिमेकडील वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरण्याची पद्धत, होती. मालगुजाऱ्या १९५१ साली संपुष्टात आल्या, १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परंतु जंगलातून सरपण, बांबू, चारा, मोहफूल घेण्याचे गावाचे परंपरागत अधिकार ‘निस्तार’ या नावाने पूर्वेकडील गावांच्या दप्तरात नोंदलेले राहिले. त्यामुळे पूर्व विदर्भातील संघटनांनी जंगल आणि तलाव मागितले. वऱ्हाडातील संघटनांच्या मागण्या कापसाचा भाव, कर्ज आणि सातबाऱ्यावरील नाव यांभोवती फिरत राहिल्या. अनेक लेखनांत ‘विदर्भ’ हे एकच एकक धरले जाते, त्याने हा भेद झाकला जातो.

उगम : या कामाची सुरुवात कोठून मानावी याबद्दल एकमत नाही. सर्वांत प्रचलित मत गांधी-विनोबा परंपरेचे आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला आले, विनोबा पवनारला राहिले, १९५१ पासून भूदान आणि पुढे ग्रामदानाची (जमिनीची मालकी गावाकडे सोपविण्याची) हाक देण्यात आली, आणि महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ साली झाला. वर्ध्याच्या परिसरात घडलेले कार्यकर्ते पुढे गडचिरोली-चंद्रपुरात गेले, हा या मताचा मुख्य आधार आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. १९७४-७५ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनावरून सर्वोदयात, म्हणजे गांधी-विनोबा विचाराच्या चळवळीत, फूट पडली आणि विदर्भातील तरुण कार्यकर्त्यांपैकी अनेकजण जयप्रकाशांच्या बाजूने गेले. १ जानेवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तिशीच्या आतल्यांनाच सदस्य होता येई. तिशी ओलांडलेले कार्यकर्ते साधारणतः १९८० नंतर एकेका तालुक्यात जाऊन बसले. छोट्या संस्थांचे पीक याच दशकात का आले, याचे हे एक सबळ कारण दिसते.

दुसरे मत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांकडे बोट दाखवते. मोझरीच्या गुरुकुंजातून उभे राहिलेले श्रीगुरुदेव सेवा मंडळ, ‘ग्रामगीते’तील गावाच्या स्वावलंबनाचा विचार आणि रोज संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना यांनी वऱ्हाड-नागपूरच्या असंख्य गावांना एका ठिकाणी बसण्याची सवय लावली. आधुनिक संस्थांच्या अहवालांत या सवयीचा उल्लेख क्वचितच येतो. परंतु ज्या गावात लोक आधीपासून एकत्र बसत होते तेथे बैठक जमविणे सोपे गेले, हे या भागात काम केलेल्या कोणालाही पटेल.

तिसरा प्रवाह आंबेडकरी चळवळीचा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर गावोगावची बुद्धविहारे ही केवळ वंदनेची जागा राहिली नाहीत. शिष्यवृत्ती, पाणवठा, अत्याचाराची फिर्याद, गायरानावरील हक्क असे सर्व विषय तेथे निघत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारोंनी तुरुंगवास पत्करला. या कामाला नोंदणीकृत ‘संस्थे’चे रूप बहुधा नसल्याने स्वयंसेवी क्षेत्राच्या इतिहासात त्याला जागा मिळालेली नाही. ही उणीव गंभीर आहे आणि ती भरून निघणे आवश्यक आहे.

चौथे मत आदिवासी समाजाच्या स्वतःच्या व्यवस्थेला अग्रक्रम देते. गोंड गावांत गायता, भूमिया या पारंपरिक प्रमुखांच्या पुढाकाराने गाव बसते. अनेक गावे मिळून ‘इलाका’ होतो आणि त्याचीही सभा भरते. बाहेरच्या संस्थांनी ग्रामसभा ‘आणली’ नाही; कायद्याची भाषा तेवढी आणली, असे या मताचे म्हणणे. इंद्रावतीवरील भोपालपटनम आणि गोदावरीवरील इचमपल्ली या नियोजित धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, आणि आदिवासी नेतृत्वही पुढे होते. धरणे झाली नाहीत. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचे राज्य) ही गोंडी घोषणा याच काळात रुजली. पूर्व विदर्भापुरते बोलायचे तर वर्ध्यातील कोणत्याही तारखेपेक्षा हे आंदोलन आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण येथून पुढे संस्थेच्या कार्यकर्त्याइतकाच गावातला माणूस चर्चेत बोलू लागला.

मेंढा (लेखा) : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील हे गोंड गाव या विषयावरील लेखनात सर्वाधिक येते. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्यातून येथील पद्धत घडली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागची दोन अंगे मात्र कमी सांगितली जातात. पहिले, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत. दुसरे, अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेचा असतो, अभ्यास मात्र वेगळ्या बैठकीत होतो. तेथे बाहेरचा माणूस बोलू शकतो, माहिती देऊ शकतो, पण निर्णयात त्याला मत नसते. संस्था आणि गाव यांच्यातील नात्याची ही मांडणी विदर्भाने या क्षेत्राला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. गावाने पुढे, २०१३ मध्ये, ग्रामदानाचाही निर्णय घेतला.

वनहक्काचा दावा : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम २००६ मुळे या संघटनांच्या कामाला कायदेशीर पाया मिळाला. त्यातील कलम ३(१)(झ) अन्वये, म्हणजे सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापनाच्या हक्कासाठी, दावा कसा उभा राहतो हे थोडे तपशिलात पाहणे उपयुक्त ठरेल.

सर्वप्रथम कोणती ग्रामसभा, हा प्रश्न येतो. मुंबई (आता महाराष्ट्र) ग्रामपंचायत अधिनियम १९५८ ची ग्रामसभा पंचायतीच्या सर्व गावांची मिळून असते. वनहक्क कायद्याला आणि अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याला प्रत्येक गावाची, पाड्याची, टोल्याची स्वतंत्र सभा अभिप्रेत आहे. मेंढा हे गाव लेखा गटग्रामपंचायतीत असल्याने हा भेद तेथे फार आधी जाणवला. अनेक दावे याच गोंधळात अडकले. ठराव पंचायतीच्या वहीत लिहिला गेला आणि दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीने तो परत पाठवला. सभेची गणपूर्ती (किमान हजेरी) सुरुवातीला दोन तृतीयांश होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आली, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असे ठरले. त्यामुळे दवंडीनंतर बायकांना रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत सभेला आणणे हे कार्यकर्त्यांचे खरे कसोटीचे काम होऊन बसले.

नंतर पुरावे. किमान दोन लागतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून निस्तारपत्रकाची नक्कल काढणे हा पूर्व विदर्भातला हमखास मार्ग. पान जीर्ण असते, गावाचे नाव जुन्या स्पेलिंगने लिहिलेले असते, पण कोणत्या जंगलातून काय आणायचे ते त्यात स्पष्ट असते. दुसरा पुरावा वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. मग गावकरी आणि शेजारच्या गावची मंडळी मिळून गावाची शीव फिरतात. नाला, टेकडीची धार, देवाची जागा, जुने मोहाचे झाड अशा खुणांवरून हद्द ठरते आणि जीपीएसवर नोंदवली जाते. शेजारच्या गावाची संमती येथेच घेतली तर पुढची भांडणे टळतात. संस्थेचे योगदान पाहायचे तर ते याच टप्प्यावर दिसते: नकाशा जुळवणे, अर्ज भरणे, पोच घेणे.

१५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क देण्यात आले. ते देशातील पहिले मानले जातात. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वनविभाग भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे बांबूला वृक्ष मानत होता आणि वाहतूक परवाना देत नव्हता. २००६ चा कायदा मात्र बांबूची गणना गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून इतर वनउत्पादनांत) करतो. हा पेच २७ एप्रिल २०११ रोजी सुटला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१२ च्या नियमदुरुस्तीत परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे गेला. एका गावाच्या चिकाटीने देशभराचा नियम बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि झाडाला फळ धरत नाही. दुसरीकडे २०१३ पासून गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः केला. दोन्ही निर्णय त्या त्या गावांचे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरने उजाड जमिनीवर रोजगार हमीतून जंगल उभे केले आणि सीताफळाची विक्री सुरू केली. त्या गावाला ‘खोज’ या संस्थेची साथ होती.

दारूबंदी : स्त्रियांचे संघटन या विषयाभोवती सर्वांत जोमाने झाले. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून बंदी आहे. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या आंदोलनानंतर ती १९९३ मध्ये लागू झाली. त्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’सह अनेक संस्था व गावांचा सहभाग होता. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ ही संघटना व महिलांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. इतर जिल्ह्यांत २००८ च्या आदेशातील मतदानाचा मार्ग वापरला जातो: गावातील एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी सह्या केल्या की गुप्त मतदान, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला (मतपत्रिकेवरील बंदीच्या चिन्हाला) पडली तर दुकान बंद. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक, ही अट कठीण आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

इतर क्षेत्रे : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यांत अमरावती होता. मेळघाटात गावसमित्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांचे गुणपत्रक तयार केले आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर वाचले. भंडारा-गोंदियात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने माजी मालगुजारी तलाव आणि ढिवर समाजाचे मासेमारीचे ज्ञान यांवर काम केले आहे.

पश्चिम विदर्भाबद्दलचे लेखन प्रामुख्याने शेतकरी आत्महत्यांभोवती आहे. २००६ मध्ये सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेले ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज हे बाहेरून दिसणारे धोरणात्मक फलित. त्यानंतर महिला किसान अधिकार मंचाने आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांच्या जमिनीवरील नावाचा प्रश्न लावून धरला. यवतमाळच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरील (वस्त्यांवरील) संघटनही उल्लेखनीय आहे.

नोंदणी व निधी : महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दुहेरी नोंदणी असते, आणि दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या शहरी संस्थेमार्फत पैसा मिळणाऱ्या तालुका पातळीवरील संस्थांना याचा फटका बसला. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१४ पासून उपलब्ध आहे, पण तो शाळाखोल्या आणि शेततळ्यांकडे अधिक वळतो. हक्काचे काम त्यात बसत नाही. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध (ठरावीक कामाचे बंधन नसलेला) निधी २०१५ पासून मिळतो. गडचिरोली जिल्ह्यातील कोरची तालुक्याची महाग्रामसभा, म्हणजे अनेक ग्रामसभांचा संघ, सदस्य ग्रामसभांच्या वर्गणीवर चालते. ही वर्गणी मुख्यतः तेंदू व बांबूच्या उत्पन्नातून येते.