चाळीस डिस्कचा संच आणि त्यातली एक

चित्रपटाची डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्क बिघडली तर एक चित्रपट जातो. मालिकेच्या संचातली एक डिस्क बिघडली की सलग चार भाग जातात आणि कथानकाला मधोमध भगदाड पडतं. बदली म्हणून सुटी डिस्क सहसा मिळत नाही, मिळतो तो अख्खा संच. समजा, पंधरा वर्षांनंतर एखादी डिस्क नीट चालण्याची शक्यता ९८ टक्के आहे. एकट्या डिस्कसाठी हा आकडा समाधानकारक वाटतो. पण ४० डिस्कच्या संचातली प्रत्येक डिस्क शाबूत असण्याची शक्यता काढायची तर चाळीस वेळा ०.९८ मांडून त्यांचा गुणाकार करावा लागतो आणि उत्तर येतं जेमतेम ४५ टक्के. हे ९८ टक्के केवळ समजुतीसाठी धरले आहेत, पण हिशेबाची दिशा खरी आहे. संच जितका मोठा, तितका तो अपुरा होण्याचा धोका मोठा. मालिका जमवणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

डिस्क इतक्या लागतात का, ते आधी पाहू. जाहिरातींसह तासाभराच्या मालिकेचा एक भाग प्रत्यक्षात ४४ मिनिटांच्या आसपास असतो. असे २२ भाग म्हणजे एका सीझनची ९६८ मिनिटं. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात. त्यात चार भाग ठेवले तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ६.५ मेगाबिट वाट्याला येतात, सहा ठेवले तर ४.३ आणि आठ कोंबले तर फक्त ३.२. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीने दाबून कमी जागेत बसवलेलं असतं. साडेतीन मेगाबिटच्या खाली ही पद्धत धापा टाकू लागते. पाऊस, धूर, गर्दी किंवा वेगाने सरकणारा कॅमेरा आला की चौकोनी ठोकळे दिसू लागतात. म्हणून खोक्यावर ‘संपूर्ण सीझन’ लिहिलेलं असलं, तरी मागच्या बाजूला डिस्क किती आहेत ते आधी मोजावं. २२ भागांसाठी पाच-सहा डिस्क हे ठीक प्रमाण आहे. एकाच बाजूच्या तीनच असतील तर चित्राच्या दर्जात काटकसर केलेली आहे, हे नक्की.

आता ओरखड्यांकडे वळू. डीव्हीडीच्या एकेका थरावर माहितीची एकच सर्पिल वाट असते. पहिल्या थरावर ती आतून सुरू होते आणि बाहेर जात राहते. दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीत असे नव्वदेक वेढे बसतात. एका थरावरची ही वाट उलगडून सरळ केली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल. इतकं बारीक काम धुळीत आणि हाताळणीत टिकतं, कारण माहितीबरोबर दुरुस्तीचे जादा अंकही लिहिलेले असतात. ३२ केबीचा एकेक गठ्ठा घेऊन तो एखाद्या तक्त्यासारखा मांडतात. प्रत्येक आडव्या ओळीला दहा जादा बाइट आणि प्रत्येक उभ्या रांगेला सोळा. मधला मजकूर पुसला गेला तरी आडवा-उभा ताळा जुळवून तो परत मिळवता येतो, अगदी हिशेबाच्या वहीत पुसट झालेला आकडा बेरजेवरून काढावा तसा. याच्या जोरावर वाटेवरचा सुमारे ६ मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी चित्रावर परिणाम होत नाही.

सलग तुकडा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ गेलेला ओरखडा दिसायला भयंकर असतो. पण तो प्रत्येक वेढ्याला फक्त आडवा छेदतो. दर फेरीला नुकसान चिमूटभर, ते सहज भरून निघतं. याउलट, गोलाईने गेलेला बोटभर चरा पुसटसा असला तरी त्याच वाटेवर मिलिमीटरमागून मिलिमीटर खात जातो, मग दुरुस्तीचे अंक अपुरे पडतात. डिस्क पुसताना मधून काठाकडे सरळ फटकारे मारायचे, गोल घासायचं नाही, या नियमामागचं कारण हेच. धूळ आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने काढावी. मग ऊर्ध्वपातित पाण्यात जेमतेम ओलं केलेलं, तंतू न सोडणारं मऊ सुती कापड वापरावं. बोटांचे तेलकट ठसे निघत नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. घरात इतर कामांसाठी असलेलं थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, त्याने पॉलिकार्बोनेट, म्हणजे डिस्कचं पारदर्शक प्लास्टिक, धुरकट होतं.

दुरुस्तीपलीकडे गेलेला ३२ केबीचा एक गठ्ठा म्हणजे वेळेच्या हिशेबात साधारण सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग. तरीही पडद्यावरचा बिघाड अर्धा सेकंद रेंगाळतो. कारण एमपेग-२मध्ये पूर्ण चित्र अर्ध्या सेकंदातून साधारण एकदाच साठवलेलं असतं, मधल्या चित्रांसाठी फक्त बदल नोंदलेले असतात. एक बदल हरवला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चूक पुढे ओढली जाते. चित्र गोठून राहतं, त्याचं कारण निराळं आहे. तेव्हा प्लेअर तोच भाग पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत असतो.

काही वेळा बिघाड नेमका संचातल्या बहुतेक डिस्कच्या मध्यावर येतो. दुसऱ्या भागाचा शेवट अडखळतो, तिसऱ्याची सुरुवात अडखळते, बाकी सगळं स्वच्छ. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. चार भागांची डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर पहिल्या भागाची सुरुवात भोकाजवळ असते, दुसऱ्याचा शेवट बाहेरच्या काठाजवळ, तिसऱ्याची सुरुवातही त्याच काठाजवळ, आणि चौथा भाग पुन्हा भोकाकडे येऊन संपतो. काठालाच सर्वात जास्त हात लागतो. डिस्क वाकडी झाली असेल तर तिरकेपणा काठाशीच सर्वाधिक जाणवतो. चिकटवलेल्या कडेतून दमटपणाही तिथूनच शिरतो. त्यामुळे मधल्या दोन भागांच्या सांध्यावरचा अडथळा दिसला की आधी काठ तपासावा.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली १.२ मिलिमीटरची जोडी. धातूचा चकचकीत थर त्यांच्या मध्ये असतो. हा चिकटवा डिस्कचा सगळ्यात नाजूक भाग. मालिकांचे खोके जागा वाचवण्यासाठी घट्ट खुंट्यांचे किंवा एकावर एक डिस्क चढवणारे बनवतात. त्यातून डिस्क ओढून काढताना ती धनुष्यासारखी वाकते आणि भोकाजवळच्या चिकटव्यावर ताण येतो. बारीक चीर गेली की ती वर्षागणिक पसरत जाते. मधली खुंटी अंगठ्याने पूर्ण दाबायची, डिस्क आपोआप सुटू द्यायची आणि मग दोन्ही बाजूंनी कडेला धरून उचलायची. एका हाताने ओढलेली डिस्क आज चालते म्हणून उद्या चालेल असं नाही. खोकाच वाईट असेल तर डिस्क साध्या, सैल खुंटीच्या डब्यांत हलवाव्यात. मूळ खोक्याची शोभा जाते, पण निवड करायची वेळ आली तर डिस्क वाचवावी.

दोन्ही बाजूंनी माहिती असलेल्या डिस्क याहून त्रासाच्या. त्यांना नाव छापायला जागाच नसते. भोकाभोवतीच्या अरुंद पट्टीवर बारीक अक्षरात ‘बाजू अ’ असतं आणि ठेवताना कोणतीही बाजू खाली घासली जाते. प्रत्येक बाजूला दोन-दोन थर असलेला प्रकार बनवायलाही सर्वात कठीण आहे. संच निवडायची सोय असेल तर एकाच बाजूची, संख्येने जास्त डिस्कांची आवृत्ती घ्यावी.

हात न लावताही डिस्क मरू शकते. चिकटवा कमअस्सल असेल किंवा हवा आत शिरली तर अ‍ॅल्युमिनियमचा थर गंजतो आणि परावर्तन कमी होतं. याला डिस्क कुजणं म्हणतात. २००६ ते २००८ दरम्यान तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये दोष असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने २०२५ साली मान्य केलं आणि शक्य तिथे बदली देऊ केली. त्या डिस्क वरून अगदी स्वच्छ, बिनओरखड्याच्या दिसू शकतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. तेजस्वी दिव्यासमोर धरून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, दुधाळ ढग किंवा काठाकडून आत सरकणारा तपकिरी डाग दिसतो का हे कळतं. पण सुरुवातीची कूज अशी दिसत नाही, ती वाचून पाहिल्यावरच कळते.

वाचून पाहणं म्हणजे ४० डिस्क बसून बघणं नव्हे. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालून तिचा पृष्ठभाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणारं तपासणी सॉफ्टवेअर चालवलं तर भरलेली डीव्हीडी वीसेक मिनिटांत तपासून होते. एखाद्या ठिकाणी वेग अचानक कोसळला किंवा ड्राइव्ह कुरकुरायला लागला तर तिथे डाग आहे असं समजावं. संगणक नसेल तर साध्या प्लेअरवर प्रत्येक डिस्कची सुरुवात, मधोमध थर बदलतो ती जागा आणि शेवटची पाच मिनिटं पाहावीत. क्षणभर थबकून चित्र पुढे गेलं तर तो थरबदल आहे, दोष नव्हे. ही तपासणी परत देण्याची मुदत असतानाच करावी. प्लास्टिक न फोडता संच कपाटात ठेवला आणि तीन वर्षांनी उघडला, तर आत एकच डिस्क दोनदा आणि दुसरी नसलेली, हाही प्रकार आढळतो.

खालची बाजू जांभळट दिसत असेल तर ती कारखान्यात साच्यावर दाबलेली नसून लेसरने लिहिलेली आहे. कमी खपाच्या मालिका मागणीनुसार अशा बनवल्या जातात. त्यांत माहिती साठवणाऱ्या बारीक खळग्यांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्य असतं. उन्हात आणि उष्णतेत ते उतरत जातं, आणि काही जुने प्लेअर अशी डिस्क ओळखतही नाहीत. चंदेरी किंवा किंचित सोनेरी छटा म्हणजे दाबलेली डिस्क.

ब्लू-रे डिस्कला वेगळे नियम लागतात. तिच्यात माहिती पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर खोल असते. डीव्हीडीच्या पृष्ठभागावर लेसरचा ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे धुळीचा कण त्याचा छोटासाच भाग अडवतो. ब्लू-रेवर तो ठिपका ०.१३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तोच कण जवळजवळ सगळा प्रकाश खातो. म्हणूनच वर कठीण लेप दिलेला असतो आणि ती सहजी खरचटत नाही. पण एकदा खोल चरा गेला की इलाज नाही. डीव्हीडी यंत्रावर घासून चकचकीत करता येते, कारण तिथे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त जाडी हाताशी असते. ब्लू-रे त्या यंत्रात चुकूनही घालू नये. कठीण लेपच निघून जातो.

डिस्क शाबूत असली तरी तिच्यावर जे आहे ते प्रक्षेपित झालेलं असेलच असं नाही, आणि माझ्या मते हीच खरी वेदना. बऱ्याच मालिकांसाठी गाण्यांचे हक्क प्रक्षेपणापुरतेच घेतले होते, घरगुती विक्रीसाठी नव्हते. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही अमेरिकी मालिका तर रेडिओ केंद्रावरचीच. तिचा पहिला सीझन २००७मध्ये डीव्हीडीवर आला तेव्हा कितीतरी गाण्यांच्या जागी भलतंच संगीत होतं. बहुतांश मूळ संगीतासह संच यायला २०१४ उजाडलं.

चित्राचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. १९८०-९०च्या दशकांत अनेक मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाल्या, पण संकलन आणि दृश्य-करामती व्हिडिओ टेपवर झाल्या. पक्की प्रत टेपवरच राहिली. ती मोठी करून ब्लू-रेवर टाकली तर तपशील वाढत नाहीत, कारण टेपवर ते नव्हतेच. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’साठी २०१२पासून मूळ फिल्मचे तुकडे शोधून, पुन्हा स्कॅन करून, भागामागून भाग नव्याने जोडले गेले. याच घराण्यातल्या ‘डीप स्पेस नाइन’च्या वाट्याला हे काम आलं नाही. खोक्यावर ‘नव्याने स्कॅन केलेली फिल्म’ असं लिहिलं आहे की नुसतं ‘हाय डेफिनिशन’, हे वाचावं.

वेगाचाही प्रश्न आहे. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची, तर पाल ही युरोप-भारतातली टीव्ही पद्धत २५ची. म्हणून पाल डीव्हीडीत मालिका चार टक्के जोरात पळते, ४४ मिनिटांचा भाग सव्वाबेचाळीस मिनिटांत संपतो आणि आवाज थोडा चढतो. त्यावरून भागाला कात्री लागली असं वाटू शकतं, पण एकही दृश्य कमी नसतं. दोन आवृत्त्यांच्या वेळेची तुलना करताना हा फरक आधी वजा करावा.

प्रदेश-कुलपाबद्दल, म्हणजे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्याच प्लेअरवर चालावी या सोयीबद्दल, थोडक्यात. डीव्हीडीचे घरगुती प्रदेश १ ते ६, ब्लू-रेचे ए, बी, सी. संगणकातल्या ड्राइव्हचा प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो. परदेशी संच घेण्याआधी हे पाहून घ्यावं.

साठवण साधी असते. डिस्क उभ्या ठेवाव्यात, तापमान २० अंश सेल्सियसच्या खाली आणि आर्द्रता २० ते ५० टक्के. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं किंवा खिडकीसमोर नसावं. डिस्कवर चिकटपट्टी लावू नये. लिहायचंच असेल तर पाण्याच्या आधारावर बनवलेल्या शाईने, भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर.

संच नवा असतानाच आणखी एक काम करावं. प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला, माहितीच्या आतल्या कडेला, आरशासारख्या पट्टीत कोरलेला क्रमांक असतो. तिरक्या प्रकाशात तो वाचून, त्या डिस्कवर कोणते भाग आहेत त्यासह कागदावर उतरवावा आणि कागद खोक्यात ठेवावा. पुढच्या आवृत्त्यांत भागांची वाटणी अनेकदा बदलते. जुन्या संचाची तिसरी डिस्क आणि नव्या संचाची तिसरी डिस्क यांवर वेगळेच भाग असू शकतात. वापरलेल्या सामानात बदली डिस्क शोधायची वेळ आली, तर खोक्याच्या चित्रावरून नव्हे, या क्रमांकावरूनच ती जुळते.