गरगरणारा ट्राउट

घरी मत्स्यालय असेल तर ट्यूबिफेक्स ठाऊक असेलच. केसाएवढा बारीक, लालसर किडा. गटारातल्या गाळात डोकं खुपसून शेपूट वर हलवत बसतो. सुकवलेल्या वड्या करून तो माशांना घालतात. ट्राउट माशाचा एक भयंकर परजीवी अर्धं आयुष्य याच किड्याच्या पोटात काढतो.

त्याचं नाव मिक्सोबोलस सेरेब्रालिस. युरोपातल्या ब्राउन ट्राउटशी त्याचं जुनं जमलेलं, माशाला फारसा त्रास नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या मत्स्यशेतीत अमेरिकेचा रेनबो ट्राउट आला आणि या नवख्या माशाचे हाल सुरू झाले. पिल्लाचा सांगाडा अजून मऊ कूर्चेचा असतो, परजीवी तीच कुरतडतो. कणा वाकतो, शेपूट काळी पडते, पिल्लू स्वतःच्याच शेपटीमागे लागल्यासारखं गरगरतं. धड खाता येत नाही, बगळा आला तर पळता येत नाही.

1950च्या दशकात हा रोग उलट टपाली अमेरिकेत पोचला. तो कसा पसरतो हे मात्र 1984पर्यंत कोडंच होतं. केन वुल्फ आणि मारिया मार्किव या संशोधकांनी दाखवलं, की मेलेल्या माशातले बीजाणू गाळात पडतात, ट्यूबिफेक्स ते गिळतो आणि किड्यातून बाहेर पडतं ते वेगळंच रूप: विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखं, तीन लांब आकड्यांचं. ते माशाच्या कातडीला चिकटतं. ही दोन रूपं तोवर दोन निराळे जीव समजली जात होती!

मत्स्यशेतीच्या मातीच्या तळ्यात माशांची दाटी, खाली विष्ठेचा गाळ, गाळात किडे. परजीवीला आणखी काय हवं? बाधित पिल्लं नद्यांत सोडली की पुढचा प्रवास फुकट. 1994मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीच्या एका पट्ट्यात रानटी रेनबो ट्राउट सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पिल्लं काँक्रीटच्या हौदात, झऱ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढवली तर बराच फरक पडतो, कारण किड्याला गाळच मिळत नाही. नदीतला गाळ कोण उपसणार?

जर्मनीतल्या एका मत्स्यशेतीत मात्र रेनबो ट्राउट पिढ्यान्‌पिढ्या या परजीवीसोबत वाढले, त्यांच्यात प्रतिकारशक्ती आली. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने हा ‘होफर’ वाण आणला. पण तो इतका माणसाळलेला, की सावली पडली तरी पळायचं त्याला सुचत नाही. म्हणून नदीत सोडतात ते रानटी ट्राउटशी केलेले त्याचे संकर.