बोबडं आणि तोतरं: दोन मुलं, एकच वेखंड

माझी मुलगी तीन वर्षांची असताना काकडीला ‘तातडी’ म्हणायची. पानं वाढली की ‘आई, तातडी दे’ सुरू, आणि सासरे गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, ‘अगं दे तिला, तातडीचं आहे.’ त्याच वर्षी दिवाळीला नणंदेचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. तो तिच्याहून वर्षाने मोठा. गणपतीत घडाघडा आरत्या म्हणणारा हा पोरगा आता ‘मामी, म-म-म-मला च-चकली’ म्हणत होता, आणि म्हणताना त्याची हनुवटी वर जात होती. सासूबाईंनी दोघांचा निकाल एका वाक्यात लावला: ‘दोघंही बोबडी, जिभा जड आहेत, वेखंड उगाळून लावा.’

वेखंडाचं पुढे सांगते. पण ‘दोघंही बोबडी’ हे काही खरं नव्हतं. मुलगी बोबडी होती, भाचा तोतरं बोलत होता.

बोबड्या मुलाचं अक्षर चुकतं, ओघ चुकत नाही. माझी मुलगी ‘मी तातांबलोबल दाडीतून जानाल’ हे एका दमात, ठसक्यात म्हणायची. कुठे थांबणं नाही की अडणं नाही. तोतऱ्या मुलाचं उलट असतं. भाच्याचा क स्वच्छ, र खणखणीत, ळसुद्धा जागच्या जागी. अडायचा तो अक्षरावरून पुढच्या अक्षरावर जाताना. रस्ता माहीत आहे, गाडीही नीट आहे, पण गिअर पडत नाही, तसं.

गोंधळ व्हायला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. घाबरून कुणाची वाचा अडखळली की आपण म्हणतो ‘बोबडी वळली’. खरं तर ते वर्णन तोतरेपणाच्या जवळचं, ‘त त प प’ होण्याचं. शिवाय त्यातून एक भलतीच समजूत पक्की होते, की अडखळतो तो घाबरट. त्यात हिंदीची भर. हिंदीतलं ‘तुतलाना’ म्हणजे आपलं बोबडं बोलणं, आणि आपल्या तोतरेपणाला तिकडे म्हणतात ‘हकलाना’. तोतला आणि तोतरा कानाला सख्खे भाऊ वाटतात, अर्थाने मात्र शेजारीसुद्धा नाहीत. रात्री अकरा वाजता मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघणारे मराठी आईबाप इथेच फसतात. मीही फसले होते. दोन आठवडे भाच्यासाठी ‘तुतलाना’चे उपाय नणंदेला पाठवत होते.

आता बोबडेपणाकडे जरा निवांत बघू, कारण त्यात मजा आहे. मुळाक्षरांचा तक्ता समोर आणा. वरून खाली क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. जुन्या व्याकरणकारांनी ही रांग तोंडाच्या मागच्या टोकापासून ओठांपर्यंत लावली. मूल हा तक्ता ढोबळमानाने खालून वाचत येतं. आधी ओठांचे प, ब, म: बाबा, पापा, मम्मम. मग दातांजवळचे त, द, न. क आणि ग त्यानंतर, कारण त्यासाठी जिभेचा मागचा भाग उचलून टाळूला लावायचा असतो, आणि ती जागा आईच्या तोंडात बघून कळत नाही.

म्हणून मूल वाटेल तसं चुकत नाही. क चा त होतो, ख चा थ, ग चा द, घ चा ध. म्हणजे काका ताता होतात, खाऊ थाऊ, गाय दाय, घर धल. अख्खा क-वर्ग बिऱ्हाड हलवून त-वर्गात राहायला जातो, तोही आपापला नंबर न सोडता: पहिला पहिल्याच्या जागी, चौथा चौथ्याच्या. र चा ल होणं त्याहून नेहमीचं आणि जास्त काळ टिकणारं. जोडाक्षरात एक अक्षर गळतं किंवा दुसऱ्याला आपल्यासारखं करून घेतं, पुस्तकाचं ‘पुत्तक’ होतं. चुका इतक्या शिस्तीत होत असतील तर मुलाच्या डोक्यात नियम तयार झालाय, फक्त तो मोठ्यांच्या नियमाशी अजून जुळलेला नाही.

आणि मुलाला स्वतःची चूक ऐकू येत नाही असंही नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं, ‘तातडी हवी का?’ ती चिडली. ‘तातडी नाही, तातडी!’ हे मला आमच्याच घरातलं नवल वाटलं होतं. पण १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकन अभ्यासकांनी नेमकं हेच नोंदवलंय. एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला अजिबात चालायचं नाही. कानाला फरक कळतो, तोंडाला अजून जमत नाही. म्हणूनच ‘नीट ऐक, का, का, म्हण बघू का’ अशी तालीम घेतली की मूल वैतागतं. नीट तर ऐकलेलंच असतं.

इथे एक फाटा फुटतो. वऱ्हाडात आणि खानदेशात डोळ्याला ‘डोया’ म्हणणारी घरं आहेत, आणि ‘पानी’, ‘लोनी’ तर महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी आहे. त्या घरातलं मूल ‘पानी’ म्हणत असेल तर ते बोबडं नाही, ते आपल्या आजीसारखं अचूक बोलतंय. शाळेत अशा मुलांना ‘उच्चार सुधारा’ सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो.

कोणता आवाज कधी यावा याचं कोष्टक मूल आणि भाषा यांप्रमाणे बदलतं. तरी २०१८ मध्ये शॅरिन मॅक्लिऑड आणि कॅथरिन क्रो यांनी २७ भाषांमधले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जगभर चित्र बरंच सारखं निघालं: पाच वर्षांपर्यंत बहुतेक व्यंजनं मुलांच्या तोंडात बसलेली असतात. घरी वापरायचा ठोकताळा त्याहून सोपा आहे. मुलाचं बोलणं परक्या माणसाला, म्हणजे रिक्षावाल्या काकांना, वाण्याला, किती कळतं? दोन वर्षांच्या मुलाचं साधारण अर्धं, तिसऱ्या वर्षी पाऊण, आणि चौथं संपता संपता जवळजवळ सगळं. आईला कळतं हा निकष कामाचा नाही. आईला सगळंच कळतं.

तोतरेपणाची सुरुवात वेगळी असते, आणि घरचे हादरतात ते त्यामुळेच. बोबडेपणा पहिल्या शब्दापासून सोबत असतो आणि हळूहळू ओसरतो. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, चांगलं बोलता येऊ लागल्यावर येतो. कधी कधी चार-आठ दिवसांत. मग घरात चौकशी बसते: पडला का, कुणी ओरडलं का, शेजारच्या पोराची नक्कल करतो का, कुणाची नजर लागली का. नणंदेला तर सासरकडून ‘तू नोकरीला जातेस म्हणून’ इथपर्यंत ऐकावं लागलं. यातलं काहीच कारण नसतं. तोतरेपणा पुष्कळदा घराण्यात चालत येतो, आणि बोलण्याच्या हालचालींची वेळ साधणाऱ्या मेंदूच्या कामाशी त्याचा संबंध आहे. भीतीने किंवा घाईने तो वाढतो, पण भीतीने तो जन्माला येत नाही. घरात दोन भाषा बोलल्यानेही नाही.

शंभरातल्या साधारण ५ मुलांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतो, आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशांचा, कदाचित थोड्या जास्तच मुलांचा, पुढे जातो. मोठ्यांमध्ये उरतं ते शंभरात एक. त्यात बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त.

मात्र प्रत्येक अडखळणं म्हणजे तोतरेपणा नव्हे. ‘मग ना... मग ना... मग तो भूभू आला’, ‘मला, मला, मला ते हवंय’ असं अख्खा शब्द घोळवत बोलणं तीन वर्षांचं जवळपास प्रत्येक मूल करतं. डोक्यात वाक्य मोठं होत असतं आणि तोंड मागे पडतं. काळजीचं अडखळणं शब्दाच्या आत शिरतं. ‘म-म-म-मला’. किंवा आवाज ताणला जातो, ‘सऽऽऽसाप’. किंवा तोंड उघडं, ओठ ताणलेले, आणि आवाजच नाही. सोबत डोळे मिचकावणं, पाय आपटणं, मान झटकणं येतं. भाच्याची ती वर जाणारी हनुवटी यातलीच होती.

घरबसल्या एक गंमत करून बघता येते. मुलाकडून एकच शब्द तीन-चारदा सहज खेळात वदवून घ्या. बोबडं मूल प्रत्येक वेळी ‘ताता’च म्हणेल. तोतरं मूल पहिल्यांदा ‘प-प-पतंग’ म्हणेल, आणि चौथ्यांदा बहुधा सुटसुटीत ‘पतंग’. मग गाणं म्हणायला लावा. बोबड्या मुलाच्या गाण्यातही क चा त राहतो. तोतरं मूल गाताना, किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना, अडत नाही. आता कळलं ना भाचा गणपतीत आरत्या कशा म्हणत होता? कदाचित तेव्हाही तो अडखळत असेल. आरतीत ते आम्हाला दिसलं नाही. बोबडेपणा सोमवारी जेवढा तेवढाच मंगळवारी असतो. तोतरेपणा आठवडाभर गायब होतो, घरचे पेढे वाटतात, आणि पाहुणे आले की परत येतो. यावरून ‘मुद्दाम करतो’ असा आरोप होतो, तो साफ चुकीचा.

आता वेखंड. जीभ जड म्हणून वेखंड, जीभ चिकटलेली म्हणून खालचा पडदा कापून आणा, पोपटाचा उष्टा पेरू द्या, असे सल्ले दोन्हीकडे सारखेच मिळतात. तोतरेपणाचा जिभेच्या वजनाशी काहीही संबंध नाही. बोबडेपणाचं म्हणाल तर जरा स्वतः ‘का’ म्हणा आणि मग ‘ता’ म्हणा. ‘का’ला जिभेचं टोक खाली पडून राहतं, ‘ता’ला ते उचलून दातांमागे न्यावं लागतं. जे मूल क च्या जागी त म्हणतं ते टोक छान उचलतंय. टोक बांधलेलं असतं तर त ला अडचण आली असती, क ला नाही. पडदा खरोखर आखूड असलेली मुलं असतात, पण ते तपासणाऱ्याने सांगावं, शेजारणीने नाही. आणि वेखंडात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं. अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. लहान मुलाच्या जिभेवर ते घासण्याचं मला काही कारण दिसत नाही. सासूबाईंना हे सांगायला मला चार दिवस लागले, ते सोडा.

बोलण्याच्या पद्धतीतही दोघांशी वेगवेगळं वागावं लागतं. बोबड्या मुलाने ‘ताता आले’ म्हटलं की आपण सहज ‘हो, काका आले, काकांनी काय आणलं बरं?’ म्हणायचं. योग्य शब्द दोन-तीनदा कानावर पडला, काम झालं. पुन्हा म्हणायला लावायचं नाही, आणि गोड वाटतं म्हणून आपणच ‘ताता’ म्हणायचं नाही. हा दुसरा मोह आमच्या अख्ख्या घराला होता. तोतऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र शब्द देणंच चूक. तो ‘च-च-च’ करतोय आणि चारजण ‘चकली! चहा! चमचा!’ ओरडतायत, हे मी स्वतः पाहिलंय. त्याला शब्द माहीत असतो, त्याला वेळ हवा असतो. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ हे सल्लेही नकोत. आपण हळू बोलायचं, त्याच्याकडे बघत थांबायचं, आणि तो कसं बोलला यापेक्षा काय म्हणाला त्याला उत्तर द्यायचं.

थांबायचं किती? भाच्याला दाखवलं त्या डॉक्टरांनी ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्यात वर्ष गेलं. बरीच मुलं सुटतात हे खरं, पण सहा महिने उलटले असतील, घराण्यात कुणी तोतरं असेल, किंवा मूल बोलणं टाळू लागलं असेल, तर वाट बघू नये. बोबडेपणात चार वर्षांनंतरही परक्यांना बोलणं कळत नसेल, किंवा आवाज सतत नाकातून येत असेल, तर जावं. आणि बोबड्या मुलाचे कान आधी तपासून घ्यावेत. वारंवार सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं मूल अर्धवट ऐकतं आणि अर्धवट बोलतं, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

जायचं वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, म्हणजे ज्यांना सगळे स्पीच थेरपिस्ट म्हणतात त्यांच्याकडे. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारायला लाजू नये. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये सुरू झालेली, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बाहेरगावी असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून निघालेली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीच्या तपासणीला येणारं पथक तिथे पाठवू शकतं. एकाच मुलात दोन्ही असू शकतं हेही तिथे कळतं, आणि तेव्हा आधी काय हाताळायचं ते तज्ज्ञांनीच ठरवावं.

आमच्याकडे पुढे काय झालं? साडेतीनच्या आसपास मुलीला क सापडला. इतका आवडला की ती तो दिसेल तिथे लावू लागली. शेजारच्या ताईला एके दिवशी तिने गॅलरीतून हाक मारली, ‘काई, ए काई!’ भाचा तेव्हा आमच्याकडेच होता, खाली बसून पतंगाला कण्णी बांधत. त्याने वर न बघता सांगितलं, ‘काई न-न-नाही गं वेडे. ताई.’

‘तेच म्हनते मी,’ ती म्हणाली. ‘काई.’