आत्याची नाडी सरळ लागली तेव्हा

माझ्या आत्याची नाडी गेली कित्येक वर्षं वेडीवाकडीच लागते. तीन ठोके भराभर, मग एक खंड, मग दोन ठोके दमल्यासारखे. लहानपणी तिला रुमॅटिक फीवर झाला, त्यात हृदयाची डावीकडची झडप आखडली आणि चाळिशी उलटल्यावर हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं ताळतंत्र सुटलं. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं ‘एएफ’ म्हणतात. या विकारात वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विद्युत संदेश उसळत असतात. कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाची एक चौकी आहे. ती या गर्दीतले मोजकेच संदेश खाली सोडते, तेही अनियमितपणे. म्हणून नाडीला ठेका राहत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आतेभावाने तिचं मनगट धरलं आणि त्याला हायसं वाटलं. नाडी सरळ लागत होती. एकसारखी, मिनिटाला ४२. “आई, आज तुझी नाडी किती छान लागतेय,” असंही तो म्हणाला. आत्याला मात्र चार दिवस भाकरीचा वासही नको झाला होता. मळमळत होतं. ट्यूबलाइटचा उजेड पिवळा दिसतो अशीही तिची तक्रार होती, ती आम्ही सगळ्यांनी मोतीबिंदूच्या खात्यात टाकली. संध्याकाळी तिला घेरी आली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी पाहिला, पिशवीतल्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “डिगॉक्सिन कधीपासून चालू आहे?” डिगॉक्सिन म्हणजे आत्याची भरधाव नाडी आवरण्यासाठी चालू असलेली हृदयाची गोळी.

वर्षानुवर्षं वाकडी असलेली नाडी औषधावर असताना एकाएकी संथ आणि नियमित झाली, तर ती सुधारली असं समजू नये. क्वचित मूळ लय खरोखर परतलेली असते, पण ते ठरवायला ईसीजी लागतो. आत्याच्या बाबतीत एव्ही नोडची चौकी पूर्ण बंद पडली होती. वरचा एकही संदेश खाली पोहोचत नव्हता आणि खालचं हृदय स्वतःच्या राखीव, मंद ठोक्यावर चाललं होतं. तो ठोका नियमित असतो, म्हणूनच तो फसवतो.

हे झालं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तिने गोळी चुकवली नव्हती की जास्तही घेतली नव्हती. आदल्या आठवड्यात तिला जुलाब झाले होते, एवढंच. मेडिकलमधून जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल आणि गॅसची गोळी आणली. कुणीतरी ज्येष्ठमध घालून काढा करून दिला. लघवीची गोळी नेहमीप्रमाणे चालूच होती.

हृदयाच्या प्रत्येक पेशीत एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिन या पंपावर जाऊन बसतं आणि त्याचा वेग कमी करतं. पंपावरच्या जागेसाठी पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांच्यात चढाओढ असते. रक्तातलं पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं, आणि कालपर्यंत औषध असलेली तीच गोळी आज विषासारखी वागू लागते. जुलाबात पोटॅशियम जातं, लघवीच्या गोळीने जातं, ज्येष्ठमध भरपूर घेतला तरी जातं. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं, आणि डिगॉक्सिन शरीराबाहेर पडण्याची मुख्य वाट मूत्रपिंडातूनच जाते.

या औषधाची उपचाराची पातळी आणि विषाची पातळी किती जवळ आहेत पाहा. हृदय कमजोर झालेल्या रुग्णात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम इतकं डिगॉक्सिन पुरेसं मानतात. २ च्या वर गेलं की धोका स्पष्ट असतो, आणि पोटॅशियम कमी असेल तर त्याच्या आतही असतो. म्हणूनच आपल्याकडे अनेक डॉक्टर डिगॉक्सिन आठवड्यातून पाचच दिवस द्यायचे, अजूनही काही जण देतात. ‘शनिवार-रविवार गोळीला सुट्टी’ हे वाक्य हृदयरुग्णांच्या घरांत परिचयाचं आहे. मूत्रपिंड चांगली असतील तर रक्तातलं निम्मं डिगॉक्सिन जायला दीड ते दोन दिवस लागतात. म्हणजे शुक्रवारी सकाळी घेतलेल्या गोळीनंतर सोमवारी सकाळी साधारण पाव ते एक तृतीयांश पातळी उरते. मूत्रपिंड थकलेली असतील तर निम्म्याहून जास्त उरू शकते. तेव्हा दोन दिवसांच्या सुट्टीवर भिस्त ठेवण्यापेक्षा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी वेळच्या वेळी करून रोजची मात्रा कमी ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. अर्थात हा निर्णय डॉक्टरांचा.

पिवळ्या उजेडाची गोष्ट तर अडीचशे वर्षांची जुनी आहे. डिगॉक्सिन ज्या वर्गातलं आहे ती औषधं फॉक्सग्लोव्ह या झाडातून आली. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अंगावर सूज येणाऱ्या रुग्णांसाठी श्रॉपशायरमधली एक म्हातारी वीसेक झाडपाल्यांचं मिश्रण द्यायची. त्यातलं गुणकारी झाड कोणतं ते विदरिंगने ओळखलं. जास्त मात्रेची लक्षणंही त्याने नोंदवून ठेवली: मळमळ, उलटी, जुलाब, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं. आत्याची जवळजवळ सगळी लक्षणं त्या यादीत होती आणि आम्ही पित्ताचा विचार करत बसलो. आपल्याकडच्या कण्हेरीतही याच जातीची द्रव्यं असतात. महामार्गांच्या दुभाजकांवर तिच्या रांगा दिसतात. गुरं तिला तोंड लावत नाहीत.

हृदयाच्या लयीवरची बहुतेक औषधं अशीच आहेत. ती पेशींच्या कवचातल्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमच्या दारांवर काम करतात, आणि बिघडलेल्या पेशीचं दार तेवढं ओळखून बंद करण्याची कला त्यांच्याकडे नाही. याचा सगळ्यात कठोर धडा १९८९ साली मिळाला. हार्ट अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके पडत होते, अशांना अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या चाचणीत एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं होतं. जादा ठोके खरोखर कमी झाले. पण १९९१च्या अंतिम अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले आणि नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता, माणसं मात्र जास्त मरत होती. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण ज्यांच्या हृदयाची रचना धडधाकट आहे अशांनाच. शेजाऱ्याची धडधड ज्या गोळीने थांबली ती आपल्याला का देत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

आता गॅसच्या गोळीकडे येतो, कारण ही गोष्ट आपल्या घरांत फार सहज घडते. पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन यांची एकत्र कॅप्सूल आपल्याकडे चिठ्ठीविना मागितली जाते आणि मिळतेही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर येतात. त्याला लागणारा वेळ ईसीजीवर ‘क्यूटी’ या अंतरात दिसतो. डॉम्पेरिडोन हे अंतर लांबवू शकतं. अॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स, उलटीवरचं ओन्डॅनसेट्रॉन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल यांचंही तसंच. अंतर फार लांबलं की पुढचा ठोका वेळेआधी घुसतो आणि हृदय एका पीळदार, अतिवेगवान लयीत अडकू शकतं. हृदयाची लय सांभाळणारं सोटॅलॉल घेणाऱ्याचं क्यूटी मुळातच ताणलेलं असतं, कारण ते औषध त्याच मार्गाने काम करतं. त्यावर यातलं दुसरं औषध पडलं आणि जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं असलं, तर पोटाचं साधं दुखणं जीवावर बेतू शकतं. सोटॅलॉल किंवा अॅमिओडॅरोन हे लयीचंच दुसरं औषध चालू असलेल्या माणसाने सर्दी-खोकल्याची, पित्ताची, जुलाबाची गोळीसुद्धा हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. एक फोन पुरतो.

अॅमिओडॅरोनचं तर सगळंच वेगळं आहे. १९६०च्या दशकात बेल्जियममध्ये ते छातीदुखीसाठी तयार झालं. लयीवर ते कसं काम करतं हे ऑक्सफर्डमध्ये १९७०च्या सुमारास दाखवून दिलं ते फिजीत जन्मलेल्या ब्रामा सिंग यांनी, तिथले संशोधक व्हॉन विल्यम्स यांच्याबरोबर. हे औषध चरबीत मुरतं. निम्मं बाहेर पडायला सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून बंद केल्यावरही त्याचा अंमल महिनोन्‌महिने चालू राहतो. त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, जिथे शरीराची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम आहे. थायरॉइड बिघडतं ते यामुळेच, कधी मंद होऊन तर कधी भडकून. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची रक्ततपासणी चुकवू नये. नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देऊ नये, कारण हे औषध फुफ्फुसालाही इजा करू शकतं. उन्हात त्वचा लवकर भाजते, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. ग्रेपफ्रूट टाळावं, आणि पपनस हे त्याचं जन्मदातं फळ असल्याने तेही विचारूनच खावं.

एएफमध्ये थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जोडीला असते. आत्याला अॅसिनोकुमारॉल आहे आणि तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. त्या पावसाळ्यात तो ५ च्या वर गेला होता, कारण जुलाबाचं मेट्रोनिडाझोल या गोळीचा जोर वाढवतं. पालेभाजी बंद करण्याची गरज नसते. मेथी, शेपू, अळू, पालक यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. पण आठवडाभर पालेभाजी नाही आणि मग श्रावण लागला म्हणून रोज अळूचं फदफदं, असं व्हायला नको. खाणं साधारण एकसारखं ठेवलं की डॉक्टर मात्रा त्याला जुळवून देतात. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही हे खरं, पण त्यांचेही नियम आहेत. रिव्हारोक्साबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतली तर सुमारे एक तृतीयांश औषध वायाच जातं. निर्जळी उपवासाच्या दिवशी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळू नये आणि आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नये, तिला दमट हवा सोसत नाही. आत्यासारख्या रुमॅटिक झडपेच्या रुग्णांना मात्र जुनीच गोळी चांगली. साडेचार हजारांवर रुग्णांच्या, भारताचाही सहभाग असलेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात २०२२ साली ते दिसून आलं.

गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. मेटोप्रोलॉलसारखी नाडीचा वेग आवरणारी गोळी बरं वाटतंय म्हणून एकदम सोडू नये, धडधड आणि रक्तदाब उसळून येतात. एएफ असेल तर नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, पूर्ण मिनिट मोजावी. बसल्या जागी ती नव्याने ५० च्या खाली किंवा १२० च्या वर जात असेल, घेरी आली, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा तोंड वाकडं झालं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. आणि निघताना सगळ्या स्ट्रिपा बरोबर घ्याव्यात, काढ्याच्या पुडीसकट.

आत्याचं डिगॉक्सिन डॉक्टरांनी बंद केलं, पोटॅशियम भरून काढलं आणि चार दिवसांनी तिला घरी सोडलं. आता तिला मेटोप्रोलॉल आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती रोजची नाडी लिहिते. परवा फोनवर म्हणाली, “अरे, पुन्हा वाकडी लागायला लागली. शहात्तर.” किती खूश होती.