पाउंड केक फुगतो तो भांड्यातच

पाउंड केकच्या मूळ कृतीत सोडा नाही आणि बेकिंग पावडरही नाही. लोणी, साखर, अंडी, मैदा, सगळं एकेक पौंड, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५४ ग्रॅम. नाव पडलं तेही यावरूनच. इंग्लंडमध्ये १८व्या शतकात हा केक होत होता आणि बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली ती १८४३ साली. मग तोवर तो फुगत होता कशानं?

हवेनं. तीही हातानं कोंडलेल्या. १७४७मध्ये पाककृतींचं पुस्तक काढणाऱ्या हॅना ग्लास यांनी या केकचं मिश्रण हातानं किंवा मोठ्या लाकडी चमच्यानं तासभर फेटायला सांगितलं आहे.

नानकटाईसाठी तूप-साखर फेसणाऱ्यांना यातलं मर्म लगेच कळेल. साखरेचा कण लोण्यातून घासत जातो, तेव्हा त्याच्या कडांसोबत हवाही आत ओढली जाते. पिवळं लोणी पांढुरकं, हलकं होतं ते या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे. ओव्हनमध्ये नवे बुडबुडे जवळपास तयार होत नाहीत. लोण्यातल्या आणि अंड्यांतल्या पाण्याची वाफ याच बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करते. बेकिंग पावडरचा वायूही तेच करतो, म्हणून फेसण्यातली कसर पावडरनं भरून निघत नाही.

लोणी मात्र १८ ते २० अंशांच्या आसपास हवं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात हीच खरी अडचण. माझं लोणी एकदा पातळ झालं, त्यात हवा टिकलीच नाही आणि केक विटेसारखा बसला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेसते. याउलट अंडी फ्रीजमधून थेट घातली, तर लोणी आवळतं आणि मिश्रण फाटतं. पिवळ्या बलकातलं लेसिथिन स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवतं, पण त्याला सवड द्यावी लागते. म्हणून अंडी एकेक करून घालायची. मैदा शेवटी आणि हलक्या हातानं, नाहीतर ग्लुटेन ताणलं जाऊन केक चिवट होतो.

आता वरचं ग्लेझ. १५० ग्रॅम पिठीसाखरेत दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, लिंबाचा रस. एवढ्या रसात साधारण ६० ग्रॅमच साखर विरघळू शकते. उरलेले बारीक कण तसेच तरंगत राहतात, प्रकाश विखुरतात, म्हणून ग्लेझ दुधासारखं पांढरं दिसतं. गरम केकवर ओतलं, तर उष्णतेनं आणखी साखर विरघळते, ग्लेझ पारदर्शक होतं आणि केकमध्ये मुरतं. मी दोन्ही करते. केक गरम असताना थोडं पातळ ग्लेझ ब्रशनं लावते. पूर्ण निवल्यावर उरलेलं दाट ग्लेझ वरून सोडते. ते कडेनं ओघळतं आणि अर्ध्या तासात त्याची पातळ, कुरकुरीत पापडी धरते.